आई-बाबा दीड महिना सुवोनला येताहेत : सोमवार ते शुक्रवार त्यांनी करायचं काय?

निगुती | १२ जुलै २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही दक्षिण कोरियात सुवोनला राहतो. सोलपासून एक नंबरच्या लायनीने तासाभरावर. नवरा इथल्या कंपनीत, मी एका छोट्या ऑफिसात, आणि साडेतीन वर्षांचा मुलगा ओरिनीजिपमध्ये (पाळणाघर आणि बालवाडी एकत्र समजा) सकाळी नऊ ते चार. सप्टेंबरच्या शेवटी माझे आई-बाबा साताऱ्याहून दीड महिन्यासाठी येताहेत. पहिलीच परदेशवारी. बाबा एकोणसत्तरचे, बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त. आई सहासष्ट, गुडघे कुरकुरतात, पण हातावर हात ठेवून बसणं तिच्या स्वभावात नाही. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही.

फिरायच्या जागा मला माहीत आहेत, शनिवार-रविवारचं मी बघून घेईन. माझी काळजी मधल्या पाच दिवसांची आहे. आम्ही तिघंही बाहेर आणि ही दोघं अकराव्या मजल्यावर. माझी मावशी मुलाकडे परदेशात चार महिने राहून आली, तेव्हा मी विचारलं, कसं होतं? म्हणाली, "छान होतं गं. खाली पार्किंगमध्ये पांढऱ्या गाड्या जास्त होत्या." ते वाक्य डोक्यातून जात नाही.

ज्यांच्याकडे आई-वडील येऊन गेलेत त्यांनी मनमोकळं लिहा. व्हिसा, औषधं, खाणं, सगळंच चालेल.

हानकाठचा | १२ जुलै २०२५

सोलमध्ये नऊ वर्षं, आई-वडील तीनदा येऊन गेले. आधी कंटाळवाणी कामं उरकून घेऊ.

व्हिसा सी-३, एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवस. निमंत्रणपत्र, तुमच्या रहिवासी कार्डाची प्रत, नोकरीचा दाखला, बँकेचे कागद आणि नात्याचा पुरावा. घोडं पेंड खातं ते शेवटच्या कागदापाशी. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरी हाक मारायचं नाव आणि पासपोर्टवर लग्नात बदललेलं. ही दोन्ही एकच बाई आहे हे पटवण्यात तीन आठवडे गेले. ते आजच तपासा. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन ई-अरायव्हल कार्ड भरायचं, त्याला पैसे पडत नाहीत.

औषधांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या, सोबत डॉक्टरची चिठ्ठी, एवढं पुरतं. पण झोपेची किंवा 'टेन्शनची' गोळी असेल (अल्प्राझोलाम, झोल्पिडेम या जातीची), तर ती इथे नियंत्रित औषधांत मोडते. इथल्या अन्न व औषध सुरक्षा मंत्रालयाची परवानगी आधी काढावी लागते. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधालाही तेच. आपल्याकडे ही औषधं भुईमुगाच्या शेंगांसारखी पिशवीत पडलेली असतात, म्हणून सांगतो. बाबांची गोळ्यांची डबी फोनवर दाखवायला सांगा आणि एकेक नाव वाचून घ्या.

तुमचा इथला आरोग्य विमा त्यांना लागू नाही. प्रवास विमा तिकडूनच, आणि आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का ते बघून.

बुसानकर_नाना | १३ जुलै २०२५

वरच्या सगळ्याला अनुमोदन. एक भर : ताजी फळं, ताजी पानं, बी-बियाणं काही आणायचं नाही. माझी आवस मालवणहून आली तेव्हा मी दहा वेळा सांगितलं होतं. तिने आंबे आणले नाहीत, पण कढीपत्त्याचा जुडगा साडीच्या घडीत घातला. इंचॉनला पट्ट्यावरून बॅग आली ती हिरवं कुलूप लावून, आणि पुढे सरकलो तर ते कुलूप केकाटायला लागलं. अधिकारी बिचारा अदबीने वाकून सांगत होता, आणि ही त्याला मालवणीत सांगत होती, "माझ्या परसातली पानां ती, इख नाय!"

पानं गेली. वाळवून आणली असती तर कदाचित वाचली असती, पण मी पैज लावणार नाही. पीठ, मसाले, पोह्यांचे पापड सगळं आरामात आलं. आणि काही असेल तर फॉर्मवर लिहून टाका, लपवलं तर दंड बसतो.

वांगी_भरीत | १३ जुलै २०२५

निगुती, शाकाहाराबद्दल. इथे मांस दिसत नाही म्हणजे नाही असं समजू नकोस. किमचीत (इथलं आंबवलेल्या कोबीचं लोणचं) माशाचं किंवा बारक्या कोळंबीचं खारवण, भाजीच्या रश्शात सुक्या मासळीचं पाणी, हे इतकं गृहीत असतं की विचारलं तर प्रामाणिकपणे सांगतात, "यात मांस नाही." मासा त्यांच्या लेखी मांसच नाही. (आपल्याकडे कोकणात आणि बंगालात काय वेगळं आहे म्हणा.) बिबिम्बापमधलं (भाज्या घालून कालवलेला भात) मांस आणि अंडं काढून टाकायला सांगता येतं, त्या दोन वाक्यांची चिठ्ठी कोरियनमध्ये लिहून आईच्या पर्समध्ये ठेव.

माझ्या सासूबाई तर चातुर्मासात आल्या. कांदा-लसूण बंद. या देशात, जिथे लसूण श्वासाबरोबर आत जातो! मी आधीच घाबरले होते. मग ऑफिसातली एक बाई म्हणाली, त्यांना साचल उमशिक द्या की. बौद्ध मठांतलं जेवण. त्यात मांस-मासळी नाहीच, पण लसूण, कांद्याची पात असल्या पाच उग्र भाज्याही वर्ज्य. कारणही आपल्यासारखंच सांगतात, मन चळतं म्हणून. सोलच्या जोग्येसा मंदिराच्या आसपास असं जेवण मिळतं. सासूबाईंनी कमळाच्या देठाची भाजी, टोफू, रानातल्या पाल्याच्या सात-आठ वाट्या बघितल्या, काही न बोलता सगळं संपवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे यांच्यातही आहेत आपली माणसं." दर शनिवारी तेच. माझा खिसा मोकळा झाला, पण चातुर्मास पार पडला.

घरात इंडक्शन असेल तर आईला आधी सांग. माझ्या सासूबाईंनी हौसेने ॲल्युमिनियमचा कुकर आणला, तो शेगडीवर ढिम्म.

खवचट | १३ जुलै २०२५

कोरियात नाही, पुण्यात असतो, तरी बोलतो. दीड महिना कशाला? पंधरा दिवस बोलवायचं, त्यातले आठ दिवस मराठी टूरवाल्यांच्या गटात घालायचं, पुरणपोळीसकट सगळं मिळतं. म्हाताऱ्या माणसांना भाषा येत नाही, खाणं जमत नाही, आणि तुम्ही ऑफिसात. त्यांनाही शिक्षा, तुम्हालाही. लोक आई-वडिलांना नातवंडं सांभाळायला बोलावतात आणि नाव पर्यटनाचं. (ह. घ्या.)

निगुती | १३ जुलै २०२५

खवचट, हलकं घेतलंय, पण नातू नऊ ते चार बाहेरच असतो हे लिहिलं होतं. आणि टूरचं मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मला शिट्टीवर बसमध्ये चढायचं नाही. तुझं घर बघायचंय."

डोंबिवलीची_आजी | १४ जुलै २०२५

मी इथे सहसा रेसिपींच्या धाग्यांवर असते. मुलाकडे कोरियात दोनदा राहून आले आहे, एकदा दोन महिने आणि एकदा अडीच. तेव्हा दुसऱ्या बाजूने सांगते.

अगं निगुती, तुम्ही मुलं आम्हाला काय दाखवायचं याची काळजी करता. राजवाडे छान आहेत, ते उंच मनोरेही छान आहेत, पण तिसऱ्या दिवशी आमचे पाय दुखतात आणि तुमचे पैसे बघून जीव दुखतो. आमचे हे प्रत्येक वोनचे रुपये करायचे. हजार वोनला साठेक रुपये. एक कलिंगड बघून दुकानातच बसले होते मटकन.

पहिल्या वेळी सुनेने फार प्रेमाने सगळं हाताशी ठेवलं होतं. डबे भरलेले, मराठी मालिका लावून दिलेल्या. आणि मी दोन महिने पाहुणी. दुसऱ्या वेळी मी आल्या आल्या सांगितलं, मला दाराचे आकडे दे, एक पिशवी दे आणि वीस हजार वोन दे. किल्ली नसते तिथे, आकडे दाबून दार उघडतं. पहिल्या दिवशी मी मुद्दाम दहा वेळा बाहेर जाऊन आत आले. शेजारीण बघत होती, तिला वाटलं असेल हिला लागलंय काहीतरी. पण त्या दहा वेळांनंतर ते घर माझं झालं.

मग कपडे धुवायच्या यंत्रावर, संडासाच्या सीटवर (त्याला केवढी ती बटणं, एक चुकलं तर कारंजं), भिंतीवरच्या बॉयलरवर मुलाने मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या. 'हे दाबू नकोस' अशा चिठ्ठ्या जास्त होत्या, त्यावरून मी त्याला बोलले.

दुसऱ्या वेळी आम्ही जानेवारीत होतो. बाहेर उणे दहा आणि घरात जमीन गरम. ओन्दोल म्हणतात. फरशीखालून गरम पाणी फिरतं. मी गादी खाली घातली आणि अडीच महिने गुडघ्याला तेल लावलं नाही.

एक गंमत सांगायची राहिली. आमच्याकडे ह्यांना सगळे अप्पा म्हणतात, नातूही. आणि कोरियनमध्ये अप्पा म्हणजे बाबा! हे नातवाला आणायला गेले. नातू "अप्पा!" म्हणून धावत आला आणि तिथली बाई ह्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघतच राहिली. दोन दिवसांनी मुलाने समजावलं तेव्हा ती लाजून लाल. तेव्हापासून हे तिथले हाराबोजी, म्हणजे आजोबा.

तर सांगायचं एवढंच, आईला घरातलं एक काम पूर्ण सोपवून दे. मदत म्हणून नको, तिचंच म्हणून. आणि वडिलांना रोज जाण्यासारखी एक जागा.

पोस्टडॉक_पांडू | १४ जुलै २०२५

आजींना साष्टांग.

देजॉनहून दोन पैसे. एक, फोनमध्ये नेव्हर मॅप टाकून द्या आणि घराचा पत्ता कोरियन लिपीत कागदावर लिहून खिशात. टॅक्सीवाल्याला कागद दाखवला की काम होतं. मीटर सोलमध्ये ४,८०० वोनपासून सुरू होतं, बाबांना आधीच कल्पना द्या. दोन, १३३० हा पर्यटकांचा मदत क्रमांक पाठ करून घ्या, इंग्रजीत बोलतात. तीन, फोनवर सरकारी इशारे येतात, भोंगा वाजल्यासारखे. पाऊस, थंडी, कुणी हरवलं तरी. माझ्या आईला पहिला आला तेव्हा तिने देवापुढे दिवा लावला.

रच्याकने (बाय द वे), पासष्टच्या वरच्यांना मेट्रो फुकट असते ती इथल्या नागरिकांना. आपल्या आई-बाबांचं टी-मनी कार्ड (मेट्रो-बसच्या भाड्याचं) वाजलंच पाहिजे. माझे बाबा फाटकापाशी उभे राहून फुकट जाणारे म्हातारे मोजत होते.

निगुती | १४ जुलै २०२५

आजी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, छापून फ्रिजवर लाव. लावलाय.

निगुती | १९ ऑक्टोबर २०२५

धागा वर काढतेय. आई-बाबा येऊन तीन आठवडे झाले. लिहायला फुरसत नव्हती, कारण घरात पाहुणी मीच आहे असं वाटायला लागलंय.

सुरुवात वाईट झाली. चौथ्या दिवशी, आम्ही सगळे बाहेर, दुपारी घरातल्या भिंतीतला स्पीकर बोलायला लागला. इथे सोसायटीच्या सूचना थेट हॉलमध्ये येतात हे सांगायचं मी विसरले होते. आधी टिंगटाँग, मग बाईचा आवाज, दोन मिनिटं अखंड. बाबांनी काय समजायचं ते समजून दोन्ही पासपोर्ट खिशात घातले, आईला उठवलं आणि आग लागली असेल तर लिफ्ट घ्यायची नसते म्हणून अकरा मजले जिन्याने उतरवली. खाली सगळं शांत. एक माणूस झाडांची पानं गोळा करत होता. सूचना पाण्याची टाकी धुण्याबद्दल होती. आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही, तिचे गुडघे बोलत होते.

मग मी आजींचं ऐकलं आणि कामं वाटून टाकली. बाबांना कचरा दिला. हसू नका. इथला कचरा हे एक खातं आहे. सुका वेगवेगळा, बाकीचा विकतच्या ठरावीक पिशवीत, आणि ओला खाली एका यंत्रात. कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, टाकलं की वजन दाखवतं, आणि त्या वजनाप्रमाणे महिन्याला पैसे लागतात. अंड्याची टरफलं, हाडं, कांद्याची वरची सालं ओल्यात चालत नाहीत, कारण ओल्याचं पुढे बरंचसं पशुखाद्य होतं. बाबांनी नियम केला : जनावर खाईल ते यंत्रात, नाही ते पिशवीत. त्यांनी वही घातली आहे. 'दि. ९, ४२० ग्रॅ. दि. १०, ६१० ग्रॅ. (कोबी खराब निघाला).' रात्री जेवताना मला विचारतात, भात कुणी टाकला?

आणि त्यांची रोजची जागा मला शोधावीच लागली नाही. सुवोनचा किल्ला, ह्वासोंग. मी चार वर्षं त्याच्या शेजारून बसने जाते, एकदाच वर चढले होते. बाबा पहिल्याच रविवारी तटबंदीच्या दगड-विटांच्या सांध्यावर हात फिरवत उभे राहिले ते हलेनात. साडेपाच किलोमीटरहून जास्त लांबीचा तट, १७९४ ते १७९६ या काळात बांधला. मी तिथल्या फलकावरचं वाचून सांगितलं की या बांधकामाचा सगळा हिशेब छापून ठेवलाय, १८०१ साली. कुठला दगड, किती विटा, कुठल्या गवंड्याने किती दिवस काम केलं आणि त्याला किती मजुरी दिली, नावानिशी. युद्धात तट पडला तेव्हा त्याच पुस्तकावरून तो परत उभा केला. बाबा म्हणाले, "म्हणजे मस्टर रोल. दोनशे वर्षांपूर्वीचा मस्टर रोल यांच्याकडे आहे." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या नोकरीतली दहा वर्षं मस्टर तपासण्यात गेली आहेत, त्यातले किती खरे होते ते त्यांनाच ठाऊक.

आता रोज सकाळी नातवाला सोडून ते तटावर जातात. एका दिवशी एक तुकडा. वाटेत इथले म्हातारे काठ्या घेऊन, डोक्यावर छत्रीएवढ्या टोप्या घालून चढत असतात. त्यातला एकजण बाबांना रोज बोटांनी वय विचारायचा, आता दोघं एकमेकांना हात करतात. तो त्र्याहत्तरचा आहे, म्हणून बाबा आधी वाकतात.

जोंगजो राजाने हा किल्ला का बांधला ते मी त्यांना तुकड्या-तुकड्याने सांगते आहे. त्याच्या वडिलांना आजोबांनी तांदळाच्या पेटीत कोंडून मारलं, १७६२ साली. मुलगा राजा झाल्यावर त्याने वडिलांची समाधी सुवोनजवळ हलवली आणि मग हे शहर वसवलं. आणि १७९५ मध्ये आईची साठी झाली, ती त्याने इथल्या वाड्यात केली. सोलहून आईला मेण्यात घालून, हजारो माणसांची मिरवणूक घेऊन, आठ दिवसांचा दौरा. आई ऐकून म्हणाली, "साठीशांतच की. त्या बाईला वाटेत काय काय सोसावं लागलं असेल, एवढ्या माणसांत." बाबा म्हणाले, "तिला कुणी जिन्याने नसेल उतरवलं." तेव्हा दोघं बोलायला लागले.

कोजागिरीचं सांगायलाच हवं. यंदा छुसक (इथला पौर्णिमेचा सुगीचा सण) ६ ऑक्टोबरला आला, आणि आपली कोजागिरीही त्याच दिवशी. (गेल्या वर्षी, १७ सप्टेंबरला, तो अनंत चतुर्दशीला आला होता. यांचा आणि आपला चंद्र एकच, अधिक महिने तेवढे वेगळ्या हिशेबाने.) बाजार बंद, गाड्या भरलेल्या, सगळा देश गावाला गेलेला. आम्ही घरीच मसाला दूध केलं. आभाळ होतं, चंद्र दिसला न दिसला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजुम्मा (काकू) सोंगप्योन घेऊन आल्या. तांदळाच्या पिठीच्या अर्धचंद्रासारख्या, आत तीळ-साखर, पाइनच्या पानांवर उकडलेल्या. आईने एक उचलली, वळून बघितली, कड दाबून बघितली आणि म्हणाली, "कळ्या पाडल्या नाहीत, एवढंच." डबा दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू भरून परत गेला. तिकडून पेर आले. आता हा व्यवहार कुठे थांबेल माहीत नाही, फ्रिजमध्ये जागा उरलेली नाही.

वांगी_भरीत | १९ ऑक्टोबर २०२५

वा! आणि आईला कुठलं काम दिलंस? ते लिहिलंच नाहीस.

निगुती | ८ नोव्हेंबर २०२५

वांगी, आईने ते स्वतःच काढलं. सावकाश लिहायचं होतं म्हणून थांबले. परवा रात्री दोघांना इंचॉनला सोडून आले, आता वेळ आहे.

दुसऱ्या आठवड्यात आईने स्वयंपाकघर धुंडाळलं आणि जाहीर केलं की या घरात भाजणी नाही. मी म्हटलं, सुवोन स्टेशनाजवळच्या दुकानात डाळी, धने, जिरे मिळतील, पण दळणार कुठे? मिक्सरवर होत नाही ती, आणि इथे मजल्याखालचे लोक आवाजाला फार हळवे. मग फाल्दालमुनच्या (किल्ल्याचा दक्षिण दरवाजा) बाजारात फिरताना आईला वास आला. तिळाच्या तेलाचा. त्या वासामागे ती गेली तर बांगात्कान! म्हणजे चक्क गिरणी. मिरच्या दळतात, तीळ भाजून तेल काढतात, तांदळाची पिठी करतात. मी चार वर्षं समोरून गेले आहे, मला वाटायचं मसाल्याचं दुकान.

धान्य आईने बाजारातच निवडलं. 'सुसु' म्हणून लालसर दाणे दिसले, तोंडात टाकून म्हणाली, ज्वारी आहे. बरोबर होतं, ज्वारीच. त्याच्या पिठाची भाकरी मात्र फसली, कारण इथे विकतात ती चिकट जातीची असते. तव्यावर थापली ती तव्याचीच झाली. पण भाजणीत चालून गेली. 'नोक्दू' म्हणजे मूग, 'बोरी' म्हणजे जव. एकेक जिन्नस तिने घरी मंद आचेवर भाजला. हॉलमधल्या धुराच्या यंत्रावर बाबांनी शॉवर कॅप चढवली. ते करू नका खरं तर.

गिरणीवाली साठीची, आखूड कुरळे केस, कोपरापर्यंत फुलाफुलांच्या बाह्या चढवलेल्या. दोन किलोच्या खाली दळत नाही म्हणाली, आमचं थोडं जास्तच भरलं. आईने पिशवी उघडून दाखवली. तिने वास घेतला आणि तोंड उजळलं : "मिसुत्कारु!" इथे सात-आठ धान्यं भाजून दळतात आणि ते पीठ उन्हाळ्यात गार पाण्यात साखर घालून पितात. आपल्या सातूच्या पिठाचं सख्खं भावंड. मी मान हलवली, पण धने-जिरे कसे समजावणार? तिनेच चिमूट उचलली, दाणे बघितले आणि धान्याच्या यंत्राकडे निघालेली परत फिरली. जिऱ्याचा वास तिच्या तांदळाला लागला असता. बरोबरच होतं तिचं. शेवटी आमची भाजणी मिरचीच्या यंत्रात पडली.

पहिली धार आली तशी आईने पुढे होऊन बोटांच्या चिमटीत पीठ घेतलं, अंगठ्याने घासलं आणि मान हलवली. फार बारीक. गिरणीवालीने तिच्याकडे बघितलं, तीच चिमूट स्वतःच्या बोटांत घेतली, तशीच घासली, यंत्राचं चाक अर्धा फेरा फिरवलं. परत चिमूट. "द्वेस्सॉ?" (झालं?) आई म्हणाली, "जरा अजून रवाळ." परत चाक. मी मध्ये उभी होते, दोन्ही भाषा येणारी, आणि मला कुणी विचारत नव्हतं.

मग तिने उरलेलं थोडं पीठ ग्लासात घालून, साखर टाकून, गार पाण्यात ढवळून प्यायलं. सवयीने. एक घोट. धने लागले असावेत. ग्लास खाली ठेवला, आमच्याकडे बघितलं आणि काहीही न बोलता तोंडावर हात धरून दुकानाच्या आत गेली. आईला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी आई एकटी, बसने, थालीपीठ घेऊन तिच्याकडे गेली. मला संध्याकाळी कळलं. तिने ते चार तुकडे करून सोया सॉसमध्ये बुडवून खाल्लं आणि म्हणाली, "जॉन." पिठात भाज्या घालून तव्यावर लावतात ते इथलं धिरडं, तसंच काहीतरी. आईच्या मते सॉसमध्ये बुडवायला नको होतं, पण तिच्या तोंडावर काय सांगणार, म्हणून तिला लोणचं नेऊन दिलं. त्यानंतर मंगळवार आणि शुक्रवार आई गिरणीवर. बसून मिरच्यांची देठं खुडायची. नोव्हेंबरात इथे वर्षाच्या किमचीची तयारी असते, गिरणीला दम नसतो.

आता फ्रीझरमध्ये भरपूर भाजणी आहे, फिकट गुलाबी. खाताना मागाहून तिखट लागते.

डोंबिवलीची_आजी | ८ नोव्हेंबर २०२५

मिरच्यांची देठं खुडणारी तुझी आई डोळ्यांसमोर आली. तिला म्हणावं, लोणच्याचा फोटो टाक. आणि शॉवर कॅप काढली का ते बघ.

निगुती | ८ नोव्हेंबर २०२५

अगं आजी, खरंच राहिली होती. आत्ता काढली.

बुसानकर_नाना | ९ नोव्हेंबर २०२५

पुढच्या वेळी त्यांना आमच्याकडे पाठवा. बुसानशेजारी गिम्हेला एका जुन्या राणीची समाधी आहे, हो ह्वांग-ओक. दंतकथा अशी की ती इ. स. ४८ मध्ये समुद्रातून 'आयुता'हून आली. काही जण ती अयोध्या मानतात. येताना तिने गलबतात दगड आणले होते, लाटा शांत व्हाव्यात म्हणून. ते रचलेले तिथे दाखवतात. माझी आवस ते बघून म्हणाली, "तिका दगड आणूक दिल्यानी, माझो कढीपत्तो काढून घेतल्यानी."

खवचट | ९ नोव्हेंबर २०२५

बरं, टूरचं मागे घेतो. आता भाजणीचं प्रमाण टाका मुकाट्याने.

निगुती | ९ नोव्हेंबर २०२५

तांदूळ अर्धा किलो, सुसु अर्धा किलो, हरभरा डाळ पाव किलो, उडीद डाळ पाव किलो, जव पाव किलो, सालासकट हिरवे मूग पाव किलो, जिरे पन्नास ग्रॅम. धने आईने शंभर घातले होते, दुसऱ्या खेपेला साठच. गिरणीवालीला उरलेलं पीठ पिऊन बघायची सवय आहे, तिचाही विचार करायला हवा म्हणाली.

सगळं वेगवेगळं भाजा. डाळी आधी, तांदूळ शेवटी.